रक्तातील दाहाच्या खुणा आणि कर्करोग

ग्वाल्हेरच्या महाराज बाड्यावर बाजारहाटासाठी येणाऱ्या ग्रामस्थास शहरात रक्त तपासून घेणे आज अवघड राहिलेले नाही. हाती पडलेल्या अहवालाचा अर्थ लावणे मात्र अवघड आहे. 'ई.एस.आर.' वाढला की कर्करोगाच्या भीतीने घर हवालदिल होते. उलट, आकडे ठीक आले की तोंडातील न भरणाऱ्या जखमेकडे दुर्लक्ष होते. दोन्ही समजुती चुकीच्या असून दुसरी तर प्राणघातक ठरू शकते.

जंतूंचा शिरकाव अथवा इजा झाली असता शरीर जो प्रतिकार करते त्यास दाह म्हणतात. कर्करोगाच्या गाठीत पांढऱ्या पेशी आढळतात, हे जर्मन शास्त्रज्ञ रूडॉल्फ फिरखो यांनी १८६३ मध्ये निदर्शनास आणले. या पेशी व स्वतः गाठ 'इंटरल्युकिन-६' सारखी द्रव्ये सोडतात. त्यांच्या प्रभावाने यकृत 'सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन' (सी.आर.पी.) अधिक प्रमाणात तयार करते आणि अल्ब्युमिन हे प्रथिन घटते. रुग्णाची भूक मंदावते व वजन उतरते, त्यामागे हेही एक कारण असते.

सी.आर.पी. लिटरमागे १० मिलिग्रॅमहून अधिक आणि अल्ब्युमिन ३५ ग्रॅमहून कमी असेल, तर कर्करोगाच्या रुग्णाची प्रकृती अधिक चिंताजनक समजली जाते. ही मोजपद्धती स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराच्या नावाने ओळखली जाते. दुसरी खूण साध्या रक्तगणनेतून मिळते. समजा, न्यूट्रोफिल पेशी ६,००० आणि लिम्फोसाइट पेशी १,५०० आहेत. पहिल्या संख्येस दुसरीने भागले असता ४ हे गुणोत्तर येते. उपचारांच्या काळात ते वाढत गेल्यास डॉक्टर अधिक सावध होतात.

तथापि हे आकडे रोगाचे नाव सांगत नाहीत. क्षयरोग, न्यूमोनिया, संधिवात, दातातील पू यांनीही सी.आर.पी. व ई.एस.आर. वाढतात; ई.एस.आर. तर पंडुरोगात व गरोदरपणातही वाढतो. स्टेरॉइड औषधांनी न्यूट्रोफिल पेशींची संख्या चढते. शिवाय आरंभीच्या कर्करोगात हे सर्व आकडे पूर्णपणे ठीक असू शकतात. निदान पक्के होते ते संशयित भागाचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली केलेल्या तपासणीने, म्हणजेच बायोप्सीने.

म्हणून तंबाखू, गुटखा वा सुपारी खाणाऱ्यांनी विशेष दक्षता घ्यावी. तोंडात पांढरा वा लाल चट्टा दिसणे, तोंड पूर्ण न उघडणे, तीन आठवड्यांत जखम न भरणे, यांपैकी काहीही आढळल्यास रक्ताच्या अहवालावर विसंबून न राहता डॉक्टरांकडून तोंड तपासून घ्यावे. ग्वाल्हेरमध्ये गजराराजा वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न जयारोग्य रुग्णालय, तसेच कर्करोग रुग्णालय व संशोधन संस्था आहे. शिक्षकांनी व ग्रामसेवकांनी ही माहिती घरोघर पोहोचवावी. रक्ताचे आकडे उपचारास दिशा देतात. ते तपासणीची जागा घेऊ शकत नाहीत.