तार तापवण्याआधी: भाचीसाठी कानमंत्र

पोरी, तापत्या तारेने थर्माकोल कापायच्या सीएनसीचं किट आलं आणि तू ते एका रात्रीत उभं करणार आहेस, असं तुझी आई फोनवर सांगत होती. उत्साह चांगलाच आहे, तो मोडत नाही. पण एक धरून चाल: हे मशीन मनाने काही करत नाही. तू जसा सांगाडा उभा करशील आणि जे माप भरशील, तेच ते फोमवर उतरवतं. पेणच्या कारखान्यात मूळ मूर्तीचं नाक वाकडं राहिलं, तर त्या साच्यातून निघणाऱ्या सगळ्याच गणपतींचं नाक वाकडं येतं. इथेही तीच गत. म्हणून वेळ घालवायचा तो सुरुवातीला. खालचं सगळं ओळीने वाच, जेवणं झाल्यावर, सावकाश.

जागा आणि हवा

१. मशीन पडवीत मांडू नकोस, समुद्राकडच्या खिडकीशी तर मुळीच नको — खाऱ्या हवेने रॉडला गंज धरतो आणि कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात.

२. आतल्या खोलीत ठेव, पण एक खिडकी उघडी आणि त्यात हवा बाहेर फेकणारा पंखा हवाच — थर्माकोल वितळताना स्टायरीनचा धूर निघतो. डोळे चुरचुरले की काम थांबव, हवा पुरत नाहीये.

३. छताचा पंखा मात्र बंद ठेव, आणि मोजमापाचं काम सकाळीच उरक, दर्यावरून वारा सुटायच्या आत — झुळूक लागली की तार मधेच कुठेतरी गार होते आणि नेमकी तिथे अडते.

४. एमडीएफच्या पट्ट्या जोडण्याआधी त्यांना कडांसकट वॉर्निशचे दोन हात दे — पावसाळ्यात एमडीएफ कडेनेच ओल पितं आणि फुगतं. तळाचा पाट नवा करायचाच असेल तर आयएस ७१० शिक्क्याचं मरीन प्लाय घे.

५. रॉड दर आठवड्याला कोरड्या फडक्याने पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा हलका हात फिरव — ओघळेल इतकं तेल घातलंस, तर फोमचा भुसा त्यालाच चिकटून बेअरिंगमध्ये जाईल.

६. पॉवर सप्लायच्या भोकांवर हवा खेळेल अशी बारीक जाळी लाव — उबेसाठी पाल आत शिरते, तिचाही जीव जातो आणि सप्लायचाही.

सांगाडा

७. आधी खोक्यातलं सगळं जुन्या चादरीवर मांड आणि यादीशी ताडून बघ — अर्धं मशीन उभं झाल्यावर नटाचा शोध घेण्यापेक्षा हे सोपं.

८. सगळे बोल्ट पहिल्यांदा नुसत्या बोटांनी लाव, गुण्या लावून बघ, मगच आवळ. आधी गुण्या, मग पाना — वाकडं आवळलेलं सरळ करताना एमडीएफची भोकं मोठी होतात.

९. काटकोन डोळ्याने ठरवू नकोस. कोपऱ्यापासून एका बाजूला ३० सेंमी, दुसऱ्या बाजूला ४० सेंमी खूण कर. दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५० यायला हवं — गवंडीही घराचा पाया आखताना हेच करतात.

१०. पाटाला पीळ आहे का, ते दोन कर्णांवर दोन सुतळ्या ताणून बघ. मध्यावर त्या एकमेकींना नुसत्या टेकल्या पाहिजेत, आणि वरची खाली, खालची वर केली तरी तसंच दिसलं पाहिजे — पीळ असलेल्या पाटावर तार धरणारे दोन मनोरे कधीच समांतर उभे राहत नाहीत.

११. बेल्ट चढवण्याआधी प्रत्येक सरकता भाग हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकव — अडकण बोटांना लगेच कळते. मोटर मात्र ती ओढून नेते, नाहीतर न सांगता पावलं चुकवते.

१२. पुलीचा बारीक स्क्रू मोटरच्या दांड्याच्या सपाट बाजूवरच बसव — गोल बाजूवर आवळलेली पुली घसरते, आणि तू दोष प्रोग्रॅममध्ये शोधत बसतेस.

वीज

१३. वीज चालू असताना मोटरची वायर काढू नकोस, लावूही नकोस — ड्रायव्हर तत्क्षणी जळतो, आणि नवा मुंबईहून येईपर्यंत मशीनवर कपडे वाळत घातले जातात.

१४. ड्रायव्हरचा करंट मल्टीमीटर लावून ठरव, अंदाजाने स्क्रू फिरवू नकोस. ए४९८८ ड्रायव्हरवर ०.१ ओहमचे रेझिस्टर असतील, तर एक अँपिअरला संदर्भ व्होल्टेज ०.८ येतं — जास्त दिलंस तर मोटर भाजते, कमी दिलंस तर पावलं गाळते.

१५. लिमिट स्विचच्या वायरी मोटरच्या आणि तापत्या तारेच्या वायरींपासून लांबून ने — शेजारच्या वायरीतला करंट स्विच दाबल्याचा भास निर्माण करतो. आपल्या अलिबागची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली अशाच कारणाने उभी राहिली: मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या आणि त्यांच्या विजेने तिथल्या कुलाबा वेधशाळेच्या चुंबकीय नोंदी बिघडल्या असत्या. उपकरण नाजूक असेल तर विजेपासून लांब न्यावं, हे आपल्या गावाने केव्हाच शिकवलंय.

१६. तारेला वेगळा स्विच दे, आणि सगळं एकदम बंद करणारं लाल बटण हाताशी ठेव — धुराच्या वेळी माऊस शोधायला उसंत नसते.

१७. लाईट जाऊन आली की अर्धा राहिलेला काप पुढे रेटू नकोस; तार बंद कर, मशीन पुन्हा मूळ जागी ने आणि नवा तुकडा घे — वीज जाताच आपण कुठे होतो हे मशीन विसरतं.

तार

१८. ०.३ मिमीची निक्रोम तार मीटरला साधारण १५ ओहम भरते, म्हणजे २४ व्होल्टला दीड अँपिअरच्या आसपास. सुरुवात निम्म्या व्होल्टेजने कर आणि हळूहळू चढव — गार तार वाकते, पण फार तापलेली तार फोमला नुसती भोकं पाडत जाते.

१९. तार थेट खिळ्याला बांधू नकोस, एका टोकाला स्प्रिंग हवीच — तीनशे अंशांनी तापली की एक मीटर तार सुमारे ४ मिमी लांबते, आणि तेवढी सैल पडलेली तार सरळ रेघ कापत नाही.

२०. तार लाल दिसली की ती जास्तच तापली आहे. योग्य आचेवर कापामागे कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू निघतात. तारेचा मधला भाग मागे राहून कमान झाली तर वेग कमी कर. तारेला जोर नको, दम लागतो — ती चिरत नाही, वितळवत पुढे जाते.

२१. तार तापलेली असताना खोलीबाहेर जाऊ नकोस, चहाला हाक आली तरी — थर्माकोल पेटायला वेळ लागत नाही, चहा मात्र पुन्हा गरम होतो.

माप

२२. पहिला आकडा कागदावर काढ: मोटरच्या फेरीला २०० पावलं, ड्रायव्हरवर सोळा भाग, म्हणजे ३,२००. जीटी२ बेल्ट आणि २० दात्यांची पुली असेल तर फेरीला ४० मिमी, म्हणजे मिलिमीटरला ८० पावलं. फेरीला ८ मिमी सरकणारा स्क्रू असेल तर ४०० — हिशेब स्वतः केलास की दुसऱ्याच्या मशीनचा आकडा उसना घ्यावा लागत नाही.

२३. मग २०० मिमी सरकायला सांग आणि पोलादी पट्टीने मोज. १९८ च भरले तर ८० ला २०० ने गुण आणि १९८ ने भाग, ८०.८१ येईल तो भर — थोड्या अंतरावर मोजलंस तर पट्टी वाचतानाची चूकच मोठी ठरते.

२४. मोजताना दर वेळी एकाच दिशेने येऊन थांब — उलट फिरताना बेल्ट आणि स्क्रूची ढिलाई आधी भरून निघते, आणि तुझं माप तेवढं खोटं पडतं.

२५. दोन्ही मनोऱ्यांचे मिळून चारही अक्ष वेगवेगळे मोज. मग तार पाटाजवळ आणून दोन्ही टोकांना एकाच जाडीची पट्टी सरकवून बघ — दोन मनोरे जुळे दिसतात, वागत नाहीत.

२६. कुठलीही भरपाई न देता १०० मिमीचा चौकोन काप आणि व्हर्निअरने मोज. ९८.८ भरला तर तारेने १.२ मिमी खाल्लं, म्हणजे प्रत्येक बाजूला ०.६ ची भरपाई — फोमची घनता, वेग किंवा आच बदलली की हा आकडाही बदलतो.

२७. विमानाच्या नमुन्याचा निमुळता पंख कापताना लहान टोकाची भरपाई थोडी जास्त धर — तिथे तार हळू चालते आणि जास्त वितळवते.

२८. तार, पुली किंवा ड्रायव्हर बदललास तर तोच जुना चौकोन पुन्हा काप आणि आधीच्याशी ताडून बघ — अलिबागची वेधशाळा सुरू झाल्यावरही वेधशाळेचे संचालक नानाभॉय मूस यांनी १९०६ पर्यंत कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे नोंदी चालू ठेवल्या होत्या. नवं माप खरं, हे जुन्याशी जुळल्यावरच म्हणावं.

२९. एक वही घाल: तारीख, फोम, व्होल्टेज, वेग, भरपाई. वहीत नाही ते हातात नाही — गणपतीनंतर पुन्हा मशीन लावशील तेव्हा यातलं काहीही आठवणार नाही.

माल

३०. सनबोर्ड आणि पीयू फोम या तारेखाली घालू नकोस — सनबोर्ड बहुधा पीव्हीसीचा असतो, त्यातून आम्लाचा धूर निघतो. पीयूचा धूर त्याहून वाईट.

३१. शेजारी मखर मागायला येतील, त्यांना गोड बोलून नाही म्हण — सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात मार्च २०१८ पासून बंदी आहे, आणि त्या वर्षी गणपतीपुरती सूट द्यायलाही मुंबई उच्च न्यायालयाने नकार दिला होता. त्यांना कागदाचं मखर शिकव, दुवा देतील.

३२. होडीच्या किंवा विमानाच्या नमुन्यावर फायबर चढवताना इपॉक्सीच वापर — होड्यांना लावतात ते पॉलिएस्टर रेझिन थर्माकोल विरघळवून टाकतं.

३३. पंख कापल्यावर त्याच्या वरखालचे उरलेले तुकडे टाकू नकोस — पंख घासताना, चिकटवताना आणि नेताना त्याच्या अंगाबरोबरचं घर तेच असतं.

३४. भुसा रोज पिशवीत बांध, जाळू नकोस, पऱ्ह्यात तर अजिबात सोडू नकोस — पऱ्ह्यातला दाणा किनाऱ्यावर जातो, आणि आपल्या दिवेआगर-हरिहरेश्वरच्या वाळूत कासवं अंडी घालतात.

३५. विमान उडवण्याआधी डीजीसीएच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरचा नकाशा बघ, उरण-पनवेलकडे जाणार असशील तर नक्कीच — तिकडे आता विमानतळ आहे.

३६. सोबत हवी असेल तर सुट्टीत पाबळच्या विज्ञान आश्रमात जाऊन ये, डॉ. कलबागांनी १९८३ साली सुरू केलेल्या त्या जागी २००२ पासून फॅब लॅब, म्हणजे अशाच यंत्रांची कार्यशाळा आहे — हाताने करून शिकणारी मुलं बघितलीस की तुझा धीर वाढेल.

आणि अडलीस तर वेळकाळ न बघता फोन कर. फक्त तीन आकडे समोर ठेव: किती सरकायला सांगितलं, किती सरकलं आणि तारेत किती अँपिअर होते. बहुतेक वेळा ते तीन आकडे लिहितानाच तुला उत्तर सापडेल. तरीही फोन कर, पहिला नीट चौकोन निघाला की ते मला ऐकायचंच आहे.