दंतोत्पाटन आणि प्रतिबंधक प्रतिजैविके

‘प्रतिकारशक्ती कमी आहे’ एवढे ऐकताच दात काढण्यापूर्वी अमॉक्सिसिलिनचा पाच दिवसांचा कोर्स देण्याची प्रथा शास्त्रीय नव्हे. हृदयाची कृत्रिम झडप असलेल्यांसारख्या अतिजोखमीच्या प्रौढांस प्रतिबंधार्थ एकच मात्रा देतात : २ ग्रॅम, ३० ते ६० मिनिटे आधी, तोंडावाटे.

इतरांत प्रतिकारशक्ती कशामुळे घटली, हे प्रथम विचारावे. मधुमेह नियंत्रित असल्यास केवळ त्यापायी प्रतिजैविक लागत नाही. केमोथेरपी चालू असल्यास रक्ततपासणी पाहावी. न्यूट्रोफिल पेशी प्रति घन मिलिमीटर १००० पेक्षा कमी असता, तातडी नसल्यास, दंतोत्पाटन पुढे ढकलणेच इष्ट. प्रतिजैविकाचा निर्णय कर्करोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच व्हावा.

वृक्करोपण झालेल्या रुग्णाबाबत औषधविक्रेत्यांनी विशेष सावध असावे. पेनिसिलिनची अॅलर्जी आहे म्हणून परस्पर एरिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन दिल्यास रक्तातील टॅक्रोलिमसची पातळी वाढून नव्या वृक्कालाच अपाय होतो. अशा रुग्णांची प्रतिकारशक्ती तर हेतुपुरस्सर दाबून ठेवलेली असते. तेव्हा ‘बळ यावे’ म्हणून आपणही गुळवेल सुरू करू नये. (हा मोह आपल्याकडे फार!) प्रत्यारोपणतज्ज्ञांस दूरध्वनी करावा आणि चालू औषधांची यादी दंतवैद्याच्या हाती द्यावी.