दगड तापायच्या आत

हंपीला एकटी जाते म्हटल्यावर घरच्यांनी आणि शाळेतल्या मैत्रिणींनी दिलेले सगळे सल्ले माणसांबद्दलचे होते. रात्री बाहेर पडू नकोस, रिक्षाचा नंबर पाठव, खोलीची कडी दोनदा बघ. मी ते सगळे पाळले. उन्हाबद्दल कोणी बोललं नाही आणि माझ्याही मनात आलं नाही. शिक्षिकेला मोठी सुट्टी मिळते ती मे महिन्यात, म्हणून मी मे महिन्यात निघाले.

हुबळीला गाडी बदलून होसपेट, तिथून 13 किलोमीटर बसने हंपी. विरूपाक्षाच्या गोपुराशी पोचले तेव्हा साडेनऊ वाजले होते. खोली 12 वाजता मिळणार होती. तोवर बॅग ठेवून घ्या म्हटलं असतं तर लॉजवाल्यांनी आनंदाने ठेवून घेतली असती. मी विचारलंच नाही आणि 9 किलोची सॅक पाठीवर घेऊन देवळात शिरले. आतल्या एका अंधाऱ्या खोलीत बारीक झरोक्यातून गोपुराची उलटी सावली भिंतीवर पडते, तिच्यासमोर मी फार वेळ रेंगाळले. बाहेर आले तेव्हा 11 वाजून गेले होते आणि एक लिटरच्या बाटलीत निम्मंच पाणी होतं.

मला विठ्ठल मंदिर गाठायचं होतं. पंढरपूरचा विठोबा विजयनगरला नेला होता आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी तो परत आणला, ही आख्यायिका लहानपणापासून ऐकलेली. तिथला रिकामा गाभारा बघायची ओढ होती. नदीकाठाने वाट दोनेक किलोमीटरच आहे. बाजारपेठेच्या टोकाचा नंदी ओलांडला, पायऱ्या चढून पलीकडे अच्युतरायाच्या देवळाकडे उतरले. त्या भल्या मोठ्या आवारात चिटपाखरू नव्हतं.

डोकं ठणकायला लागलं होतं. मग भर उन्हात अंगावर काटा आला, हुडहुडी भरल्यासारखा. मळमळलं. इथेच सावलीत बसून राहायला हवं होतं. मी मात्र पाणी ‘पुढे लागेल’ म्हणून बाटली सॅकमध्ये घातली आणि चालू लागले. थोड्या वेळाने खांबांची एक रांग दिसली, आणि ती मी मघाशीच मागे टाकली होती हे लक्षात आलं. तरीही मला त्यात वावगं वाटलं नाही. आज आठवलं की भीती वाटते ती या गोष्टीची. ऊन चढतं तेव्हा आधी पाय जात नाहीत, आधी विचार जातो. सोबत कोणी असतं तर ‘अगं, काय करतेयस?’ म्हणून हाताला धरून बसवलं असतं. एकट्याला ते सांगणारं कोणी नसतं.

मला ते एका शेळ्या राखणाऱ्या आजींनी सांगितलं. ‘कूतको, कूतको,’ म्हणत त्यांनी मला दंडाला धरून एका मंडपात बसवलं. कन्नड मला येत नाही, पण तो शब्द त्या क्षणी कळला. त्यांनी माझी ओढणी नदीत भिजवून मानेला गुंडाळली, पदराने वारा घातला आणि नातवाकडून मीठ घातलेलं लिंबूपाणी मागवलं. एकदम पिऊ दिलं नाही, घोट घोट पाजलं. संध्याकाळी होसपेटच्या एका दवाखान्यात सलाइन लागली.

हंपी म्हणजे ग्रॅनाइटच्या टेकड्या आणि त्यांच्यामधली उघडी अवशेषनगरी. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. शिवाय तापलेला दगड ऊन उतरल्यावरही ऊब सोडत राहतो, त्यामुळे दुपारी 4 वाजताही मोकळ्या कातळावरून चालवत नाही. शक्य असेल तर दिवाळीच्या सुट्टीत किंवा थंडीत जा. मे महिनाच हाती असेल तर उजाडताच बाहेर पडा आणि 10 वाजता, जिथे असाल तिथून, सावलीला परता. ही वेळ घरून निघतानाच ठरवा, तिथे ठरवायला जाऊ नका. पाणी किमान दोन-तीन लिटर बाळगा आणि तहान लागायची वाट न बघता पीत राहा. जलसंजीवनीची पाकिटं सोबत असू द्या. लिटरभर पाण्याचं पाकीट असेल तर ते लिटरभर पाण्यातच कालवायचं. देवळात चपला काढाव्या लागतात, त्यासाठी जाड मोजे घ्या. विठ्ठल मंदिराला वाहनतळापासून बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या आहेत; त्यांतून जाण्यात काही कमीपणा नाही. तुंगभद्रेत अंग थंड करायला मात्र उतरू नका, तिथे भोवरे आहेत.

दुसरा कोणी प्रवासी असंबद्ध बोलताना, भेलकांडताना दिसला तर त्याला सावलीत आणा, अंग भिजवा, वारा घाला आणि 108 ला फोन करा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

आणि एक माणूस नेमून ठेवा. मी माझ्या बहिणीला नेमलं. ती ठरलेल्या वेळी फोन करते आणि तीन प्रश्न विचारते: कुठे आहेस, किती पाणी प्यायलीस, पुढे कुठे जाणार. उत्तर अडखळलं तर ती मला बसायला लावते, आणि तिच्याशी वाद घालायचा नाही असं आमचं ठरलंय.

दोन दिवसांनी मी विठ्ठल मंदिरात गेले, सकाळी, सॅक खोलीवर ठेवून. रिकाम्या गाभाऱ्यापुढे हात जोडले. 10 वाजता फोन वाजला तेव्हा मी कल्याणमंडपात एका खांबाला टेकून बसले होते. दगड अजून गार होता.

‘सावलीत आहेस ना?’ ताईने विचारलं.