ओला चाकू मिटू नकोस

परळी वैजनाथ

चि. बाळ,

तुझ्या आईचा फोन आला होता. नर्सरीत लागून तुझा अजून एक पावसाळाही सरला नाही, तोवर कलमाचा चाकू गंजला आणि आता तू स्टेनलेसचा घेणार आहेस, असं ती म्हणाली. घ्यायचा तर घे, पण त्याआधी हे वाच. फोनवर बोललेलं संध्याकाळपर्यंत विसरलं जातं, म्हणून लिहून पाठवतोय.

आधी एक सांग, चाकू गंजला म्हणजे नेमका कधी गंजला? तू म्हणशील, काम करताना. तसं नाही. काम चालू असताना पातं उघडं असतं, काडीवरून फिरत असतं, मध्येमध्ये पुसलं जातं. गंज धरतो तो मिटल्यावर. दुपारी जेवायला बसताना तू चाकू तसाच मिटलास, खिशात टाकलास आणि तासाभरानं उघडलास. त्या तासात आत काय होतं ते बघ. पात्यावर आंब्याचा चीक, काडीचा रस, बोटांचा घाम. मुठीच्या खाचेत हवा कोंडलेली. बाहेरून अंगाची ऊब. लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की गंज चढायला लागतो, आणि घामातलं मीठ त्याची गती वाढवतं. मिठाचा गंज पृष्ठभागावर सारखा पसरतही नाही, एकाच जागी खोल जातो आणि बारीक खड्डे पाडतो. म्हणून एप्रिलच्या कोरड्या उन्हातही खिशातला चाकू गंजतो. बाहेर पावसाचा थेंब नसतो, पण खिसा ओला असतो.

1930 च्या आसपास व्हर्नन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं हेच प्रयोगशाळेत मोजून दाखवलं. हवेतली आर्द्रता साठ-सत्तर टक्क्यांच्या खाली असेल तर लोखंड फार हळू गंजतं, ती पातळी ओलांडली की गंज एकदम उसळतो. हवेत सल्फर डायऑक्साइड असेल तर आणखीच. आपल्या परळीत 1971 पासून थर्मल वीजकेंद्र आहे. कोळसा जळतो तिथल्या हवेत हा वायू असतो, आणि धुळीचा बारीक थर धातूवर बसला की तो ओलावा धरून ठेवतो. तू चाकू खिडकीच्या कठड्यावर ठेवत असशील तर तेवढी सवय आजच सोड.

आता तुझ्या हातातलं पातं. कलमाच्या चांगल्या चाकूचं पोलाद साधारण 0.6 ते 1 टक्का कार्बनचं असतं. हा कार्बन असतो म्हणून पाणी दिल्यावर ते कडक होतं आणि धार बारीक लागते. जर्मनीतल्या रॉयटलिंगेनची टीना कंपनी कलमाच्या चाकूंसाठीच ओळखली जाते, आणि तिची नावाजलेली पाती कार्बन पोलादाचीच. स्टेनलेसमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम लागतं, तेव्हा कुठे वर न दिसणारा पातळ थर बनतो आणि पोलाद वाचतं. शेफिल्डच्या हॅरी ब्रिअर्लीनं 1913 मध्ये बंदुकीच्या नळ्यांसाठी पोलाद शोधताना ते ओतलं. खिशातल्या चाकूंना त्याचा मोठाच फायदा झाला. स्वित्झर्लंडच्या त्या लाल चाकूवाल्यांनी तर 1921 मध्ये कंपनीच्या नावातच ‘इनॉक्स’, म्हणजे न गंजणारं, हा शब्द घेतला. स्टेनलेस वाईट असं मी म्हणणार नाही. पण आपल्याकडच्या बाजारात स्वस्तात जे मिळतं ते मऊ असतं. दहा-वीस काड्या कापल्या की ते साल सोलत नाही, फाडतं.

आणि कलमात सगळा जीव त्या कापातच आहे. खुंटाच्या सालीखालचा जिवंत थर आणि काडीच्या सालीखालचा जिवंत थर एकमेकांना भिडले पाहिजेत. काप एका ओढीत, सपाट आणि कोरा आला तर ते जुळतात. फाटलेल्या कापात मधे पोकळी राहते, ती आधी वाळते आणि मग काळी पडते. गंज इथेच मारतो. धारेची कड इतकी बारीक असते की डोळ्यांना तांबडं काही दिसायच्या आत ती खाल्ली गेलेली असते. पातं चकचकीत दिसतं आणि कलमं मात्र मरतात. मग पोरं काडीला नावं ठेवतात, हवेला नावं ठेवतात.

आपल्या गावाकडचे कोयते तू लहानपणापासून बघतोस. दसऱ्यानंतर ट्रक भरून माणसं ऊसतोडीला जातात, महिनेच्या महिने तो कोयता उसाच्या गोड चिकट रसात बुडालेला असतो, तरी लाल होत नाही. कारण तो रोज दगडावर घासला जातो. तोच कोयता पाडव्याच्या सुमाराला घरी येतो, कुडाला खोचला जातो, आणि श्रावणात बघावं तर पुरता तांबडा झालेला असतो. पोलाद तेच, पुसणारा हात तेवढा थांबलेला असतो.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे, ओला चाकू मिटू नकोस. कमरेला सुती फडकं बांध. पातं कपाळाकडून, म्हणजे जाड बाजूकडून, धारेकडे पुसायचं, बोट जपून. आंब्याचा चीक किंवा लिंबाचा रस वाळला असेल तर आधी ओल्या फडक्यानं, मग कोरड्यानं. खाचेतही फडक्याचा पीळ फिरव, कारण ओल तिथे लपते. संध्याकाळी काम संपलं की तेलाचा एक थेंब, पात्याला आणि बिजागरीला.

तेल मात्र घरातलं नको. करडई आणि जवस आपल्या रानातली, पण ती तेलं हवेत वाळून चिकट होतात. पात्यावर एकवेळ चालेल, बिजागरीत गेलं की चाकू उघडेना होतो. शिलाई मशीनचं तेल आण, मोंढ्याकडे कुठल्याही दुकानात मिळतं. सकाळी काम सुरू करायच्या आधी ते तेल स्पिरिटनं पूर्ण पुसून काढ. तेलकट पात्याचा काप जुळत नाही, हे कुणी शिकवत नाही आणि बरीच कलमं यानंच जातात.

पातं काळं-निळं पडलं तर घाबरू नकोस, आणि घासून चकचकीतही करू नकोस. कैरीच्या आंबटानं, बाभळीच्या किंवा हिरड्याच्या तुरटपणानं पोलादावर तो रंग येतो. तो थर घट्ट बसतो आणि गंजाला थोडा अडवतो. घालवायचा तो तांबडा, भुकटी होणारा. त्याला तेल लाव, तासभर राहू दे आणि हजार नंबरच्या पॉलिश पेपरनं लांबीच्या दिशेनं हलक्या हातानं काढ. चिंचेत किंवा व्हिनेगरमध्ये भिजत घालायचा उपाय लोक सांगतात. गंज जातो खरा, पण विसरलास तर आंबट पोलादही खातं. वेल्डिंगच्या दुकानातल्या ग्राइंडरवर तर चुकूनही नको. पातं तापून निळं झालं म्हणजे तिथलं पाणी उतरलं, मग कितीही घास, धार टिकणार नाही. आणि लक्षात ठेव, तुझा चाकू एकधारी आहे. सपाट बाजूचे खड्डे सगळ्यांत वाईट, कारण निसताना धार मागे सरकत त्या खड्ड्यापर्यंत आली की तिथे दात पडतो.

स्टेनलेस घ्यायचाच असेल तर एका कामासाठी घे, मोसंबीचे डोळे भरायला. मोसंबीत एक्झोकॉर्टिस नावाचा रोग आहे, विषाणूपेक्षाही लहान जिवाचा. तो चाकूवरून एका झाडाकडून दुसऱ्याकडे जातो. रंगपूर लाइमच्या खुंटावर साल फुटते, झाड खुरटतं, आणि ते कळेपर्यंत शेतकऱ्याची वर्षं गेलेली असतात. स्पिरिट या रोगाला पुरत नाही. एक ते दोन टक्के सोडियम हायपोक्लोराइटच्या पाण्यात पातं बुडवावं लागतं, प्रत्येक मातृवृक्ष बदलताना. तेच पाणी कार्बन पोलादाला गंजवतं, पोरं गंजाच्या भीतीनं बुडवायचं टाळतात, आणि मग रोग पसरतो. इथे चाकू वाचवायचा नाही, झाड वाचवायचं. मोसंबीला स्टेनलेस ठेव, धार वारंवार लाव. आंबा आणि सीताफळाला हा कार्बनचा. कधी याच चाकूनं मोसंबी करावी लागली तर बुडव, लगेच साध्या पाण्यानं धू, पूस, तेल लाव.

आणखी एक. चामड्याच्या म्यानात ठेवू नकोस, चामडं ओल आणि कमावण्यातली आम्लं धरून ठेवतं. विजारीच्या खिशापेक्षा सदऱ्याच्या वरच्या खिशात, कोरड्या रुमालात गुंडाळून ठेव. रुमाल रोज बदल.

सध्याचा चाकू टाकू नकोस. पोळ्याला येशील तेव्हा घेऊन ये, सपाट बाजूचे खड्डे किती खोल आहेत ते पाहू. वरवरचे असतील तर दगडावर एका बैठकीत निघतील. खोल असतील तर तो फांद्या छाटायला ठेवू आणि कलमासाठी नवा घेऊ, तेही कार्बनचाच. मोसंबीसाठी स्टेनलेसचा घेतलास की पहिल्या दिवशी दोन्ही मुठींवर खूण कर, कुठला मोसंबीचा आणि कुठला आंब्याचा. घाईत हात चुकतो.

आईला नमस्कार सांग. ताक-भाकरी वेळेवर खात जा.

तुझा
मामा