क चा पाय मोडला की

इंग्रजीत अक्षरं 26 आणि ध्वनी साधारण 44, म्हणून तिथे फोनिक्स लागतं. मराठी काय, जशी बोलतो तशीच लिहितो, असं आपण सर्रास म्हणतो. मला हे अर्धंच पटतं.

'कमळ' घ्या. मुळाक्षरं पाठ असलेलं मूल क-म-ळ असं प्रत्येकात 'अ' धरून वाचतं. आपण बोलताना ळ मधला 'अ' गिळतो. 'करवत'मध्ये तर र मधलाही जातो. 'चार' आणि 'चाक' यांतला च दिसतो एकच, ऐकू वेगळा येतो. आणि 'कि'ची वेलांटी! डोळ्यांना आधी दिसते, तोंडात नंतर येते.

चर्चच्या आवारात आम्ही काही जण रविवारी मुलांची शिकवणी घेतो. तिथली दुसरीतली एक मुलगी सी-ए-टी हे 'क-ॲ-ट' असं वाचायची, पण ते जोडून 'कॅट' काही होईना. शाळेत तिच्यावर 'ढ' असा शिक्का बसला होता. खरं तर ती बाराखडीच्या सवयीने चालली होती: व्यंजन म्हटलं की त्यात 'अ' आलाच. मग तिला क आणि ट पाय मोडून लिहून दाखवले: क्, ट्. नुसता आवाज, श्वासाइतका. दोन-तीन रविवारांत ती 'कॅट'वरून 'बॅट', 'मॅट' आपली आपण वाचू लागली. हलन्त ही आपलीच वस्तू, पण बालवाडीत ती कोणी काढत नाही.

'सेड'चं स्पेलिंग मात्र तिला पाठच करायला लावलं. तिथे फोनिक्सही हात टेकतं.