कंबरदुखी : फोटो कधी काढावा?



कापूस वेचणीच्या दिवसांत वर्धा जिल्ह्यातील पोडांवर मला कंबरदुखीचे रुग्ण हमखास भेटतात. एका कोलाम बाईने शेळी विकून एमआरआय काढला. ‘मणक्याची गादी फुगली’ हे ऐकून ती खाटेवरून उठेना. खरे तर पन्नाशीच्या, काहीही न दुखणाऱ्या शंभर माणसांचा एमआरआय काढला, तरी सुमारे साठांची गादी फुगलेली दिसते. वयानुसार केस पिकतात, तसेच हे. मी तिला धीर देऊन रोज थोडे चालायला लावले. पाच आठवड्यांत ती वेचणीला गेली.

त्याच पोडावरच्या तरुणाबाबत मात्र मी चुकले. ओझ्याने दुखत असेल म्हणून शेकायला सांगितले. रात्री ताप येतो का, वजन घटले का, हे विचारलेच नाही. पाय लुळे पडू लागले तेव्हा त्याला सेवाग्रामला नेले. एमआरआयमध्ये मणक्याचा क्षयरोग दिसला. सरकारी औषधे मोफत मिळाली. आज तो काठीने चालतो.

यातून मी शिकले ते असे. बहुतेक कंबरदुखी सहा आठवड्यांत ओसरते. तोवर फोटोची गरज नसते. पण ताप, घटते वजन, पूर्वीचा कर्करोग किंवा उंचावरून पडणे असेल, तर लवकर तपासणी हवी. लघवी अडली, बसण्याची जागा बधिर झाली किंवा पायातली शक्ती गेली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आपल्या देणगीतून अशा रुग्णांचे गाडीभाडे आम्ही राखून ठेवतो. त्या तरुणाची प्रार्थनेत आठवण ठेवा.