लोहचुंबक, वेटोळे आणि वीज

वेष्टित तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यात लोहचुंबक नुसता ठेविल्याने वीज उत्पन्न होत नाही. तो आतबाहेर हलविला तरच होते, हे फॅरडे यांनी १८३१ साली दाखविले. तारेची टोके जोडून प्रवाह वाहू लागला, की तो त्या हालचालीसच विरोध करितो. मोट भरताच बैलांस ओढ जड जाते, तद्वतच हे होय. १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईस आली व पुढे परळ-लालबागच्या गिरण्या तिजवर चालल्या. तेथे ही ओढ घाटावरून पडणारे पाणी सोशीत असे. यास्तव इंधन व वीज यांवाचून केवळ चुंबकावर चालणारा पंप कोणी विकावयास आणिल्यास शेतकरी बंधूंनी गाठीचा पैसा सोडू नये, अशी आमची विनंती आहे.